मोठं अक्षर

खानापुरात तहसील कचेरीच्या समोर
पानपट्टी आणि स्टँपवाल्याच्या मधे
माझं झेरॉक्सचं दुकान. सहा बाय नऊ.
त्यात हा स्कॅनर, बेळगावच्या एका
दवाखाना गुंडाळलेल्या डेंटिस्टकडून बाराशेला घेतलेला.
पुढच्या अंगाला चार बटणं,
चारही मुकी.

विंडोज गेल्या दिवाळीत बसलं ते बसलंच.
भाच्यानं लिनक्स घालून दिलं आणि पुण्याला गेला.
"मामा, सगळं चालतंय की," म्हणाला.
स्कॅनर सोडून सगळं.

ह्या यंत्राला स्वतःचं काही आठवत नाही.
वीज गेली की कोरं.
परत आली की कुणीतरी एक फाइल
त्याच्या कानात पहिल्यापासून सांगायची:
ही तुझी काच, हा तुझा दिवा,
दिवा असा सरकतो, इथं थांबतो.
फर्मवेअर म्हणतात त्याला.
फाइल होती डेंटिस्टच्या सीडीवर,
सीडी होती दातांच्या साच्यांच्या खोक्यात
आणि तिच्यावर केव्हातरी कुणी चहाचा कप टेकवलेला.
निघाली पण. एवढीशी,
लग्नपत्रिकेच्या एका फोटोहून लहान.

मग तीन आठवडे.

टर्मिनलला साध्या माणसासारखं विचारलं
तर म्हणे, स्कॅनर सापडला नाही.
सुडो लावून, साहेब होऊन विचारलं
तर म्हणे, आहे की, इथंच आहे.
हे मला नवं नव्हतं. समोर कचेरीत रोज बघतो.
एका ओळीचा नियम लिहिला,
ह्याला सगळ्यांना भेटू द्यावं म्हणून.
मग दिसायला लागला साध्या माणसालाही.
दिवा काही हलेना.

विरुपाक्ष हुद्दार, स्टँपवाला, संध्याकाळी
खुर्ची ओढून बसायचा.
त्याची शाळा कन्नड, माझी मराठी,
इंग्रजी दोघांचंही पाचवीपासूनचं.
फाइल कुठं ठेवलीय त्याची ओळ मी मोठ्यानं वाचायचो,
तो पडद्यावर बोट फिरवायचा.
बरोबर आहे. परत वाच. बरोबर आहे.
एका रविवारी त्याची नात,
कॉन्व्हेंटात दुसरीला,
मांडीवरनं म्हणाली,
"अज्जा, इल्लि दोड्ड एस, अल्लि सण्ण एस."
इथं मोठा, तिथं छोटा.

आम्ही एकमेकांकडं बघितलं.
त्याच्या लिपीत मोठं अक्षर नसतं.
माझ्याही नसतं.
क तो क, सावकाराचा काय, हमालाचा काय.
पाटीवर कुठली लिपी वर, ह्यावरनं
तीस वर्षं भांडलो आम्ही
आणि आंधळे निघालो एकाच जागी.

अक्षर बदललं.
दिवा निघाला, खरखरत, काचेखालून.
विरुपाक्ष उठून उभाच राहिला,
चप्पल पायात नव्हती तरी.

बटणं राहिली होती. ती कशाला, तर गंगव्वासाठी.
सकाळचं दुकान ती उघडते, झाडते,
पण माउसला हात लावत नाही.
"ते पळतंय," म्हणते.
बटण तिला कळतं, मिक्सरचं, पंपाचं.
आता आत एक छोटा प्रोग्रॅम बसवलाय,
सेकंदाला दोनदा तो स्कॅनरला विचारतो,
कुणी दाबलं? कुणी दाबलं?
एवढ्या चिकाटीनं मला कुणी काही विचारलेलं नाही.
पहिलं बटण, नुसतं स्कॅन.
दुसरं, स्कॅन करून छाप.
तिसऱ्याला अजून काम दिलं नाही.
चौथं दाबलं की सगळंच झोपतं,
त्यावर चिकटपट्टी लावलीय.

आज अकराला हेस्कॉमनं वीज नेली.
गर्लगुंजीचा एक जण पहाणीचा कागद धरून
पायरीवर बसून राहिला.
मग पानपट्टीतनं कुणी ओरडलं, "करंट बंतु!"
स्कॅनर जागा झाला, कोरा.
त्याला सगळं सांगून व्हायला अकरा सेकंद लागतात,
मी मोजलेत.
गंगव्वानं नवव्यालाच दाबलं.
काही नाही.
तिनं बटणाला कन्नडात एक शिवी दिली
आणि परत दाबलं.

कागद थोडा तिरका आला.
"असू दे की," गर्लगुंजीवाला म्हणाला,
"नाव वाचता येतंय."